भूल उतरेपर्यंत

"कोणता हात?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी मनगटात मोडलेला उजवा हात दाखवला. हाच प्रश्न दारात सिस्टरनं विचारला होता. सर्जननं तर विचारून वर शाईनं बाणही काढला होता. "अहो, सुजून भोपळा झालाय, तरी विचारताय? वर्गात मी असं विचारत सुटलो असतो तर पोरांनी मला वेड्यात काढलं असतं."

"चुकीच्या हाताला भूल दिली तर तुम्ही आम्हाला कोर्टात खेचाल," बाई हसल्या. "पूर्ण झोपवणार नाही. मानेजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करू. संध्याकाळपर्यंत तो तुमचा नाहीच असं समजा. कुठे आपटला तरी कळायचं नाही, म्हणून झोळीतून काढू नका. थोडं गुंगीचं औषधही देते. बरोबर कोण आलंय?"

"धाकटा भाऊ. बायको मुलीकडे गेलीय, नातवाला सांभाळायला."

नातू आता रांगायला लागला होता, तरी बायकोचा मुक्काम लांबतच होता. आणि 'परत ये' एवढं काही मास्तरांच्या तोंडून फुटत नव्हतं. फोनवर आपली फुशारकी, "माझं काय, मी मजेत!" माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून पडलो, हेही त्यांनी तिला कळू दिलं नव्हतं.

ऑपरेशन सुरळीत पार पडलं. शेजारच्या खोलीत आणून मास्तरांना पांघरूण घातलं. डोळ्यांवर गुंगी होती. डावा हात सहज पोटावर गेला आणि पांघरुणाखाली बोटं लागली. चांगली ऊबदार. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. भावानं हिला कळवलं असणार!

"आलीस होय गं?" त्यांनी बोटं घट्ट धरली. "केवढा गरम हात! ताप आहे का तुला?"

त्यांनी अंगठ्यानं ती बोटं कुरवाळली.

"बोलत नाहीस? रागावलीस ना? रागाव. पण ऐक, मजेत म्हणायचो ते साफ खोटं. घर खायला उठतं. तू गेल्यापासून माझं बोलणं मध्येच तोडणारं कुणी नाही. प्रत्येक वाक्य मलाच शेवटापर्यंत ओढत न्यावं लागतं, आणि शेवटी त्यात काही नसतंच. परत ये. नातवाला आण, जावयाला आण, पण ये." बोटं मात्र ढिम्म. "एवढं बोललो, जरा हात तरी दाब की!"

सिस्टर धावत आली. "काका, ऑपरेशनचा हात काय पिळताय?"

"अहो, माझी बायको..."

सिस्टरनं पांघरूण उचललं. प्लॅस्टरबाहेर आलेली मास्तरांचीच बोटं मास्तरांच्याच मुठीत होती. "तुमचाच हात आहे, काका. भूल दिली की गरम लागतो."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. जन्मात एकदा मन मोकळं केलं, तेही स्वतःच्या हातापाशी! "सिस्टर, कुणाला सांगू नका. हिला कळलं तर—"

"कळलं."

पडदा सारून बायको आत आली. भावाचा फोन येताच मिळेल त्या गाडीनं निघाली होती, खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरवली नव्हती. "पडता काय, लपवता काय! या वयात स्टुलावर चढायची हौस! मी तिकडे वाट बघतेय कधी बोलावताय म्हणून, आणि तुम्ही आपले मजेत!"

पण सिस्टर वळताच तिनं पांघरुणाखाली हात घातला आणि त्यांचा हात हातात घेतला. उजवा.

पांघरूण हललेलं मास्तरांना दिसलं. कळलं काहीच नाही. ज्या हातासाठी जीव तळमळला, तो आला आणि नेमका इथे! त्यांना रडूच यायला लागलं.

"सिस्टर, ही भूल लवकर उतरवता येत नाही का?"

"कशाला? उतरली की सणकून दुखेल."

"दुखू दे हो!"

बायकोच्या लक्षात आलं. पण तिनं हात सोडला नाही. "उतरू दे सावकाश. मी बसलेय."

"आणि उतरल्यावर?"

"तेव्हा कळेलच तुम्हाला," ती म्हणाली, "धरलाय की सोडलाय ते."