भवानी पेठेतले डायलअपवाले अण्णा

नरसय्या अण्णांच्या घरी इंटरनेट लागत असताना कोणी बोलायचं नाही. मोडेमची किर्र-घर्र-चींऽऽ सुरू झाली की अण्णा खुर्चीतून उठून चक्क उभे राहत. "ऐका! पलीकडल्याला विचारून आत चाललाय," ते सांगत. "तुमचं केबल म्हंजे न विचारता घरात घुसणारा पावना!"

अण्णा टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. उभं आयुष्य खांबांवर चढण्यात गेलेलं. रफिकभाईंनी आमच्या बोळात केबलचं इंटरनेट आणलं, तेव्हा गच्च्यांवरून लोंबत गेलेली वायर बघून अण्णांच्या अंगाची लाही झाली. "तार कशी खांबावर पायजे! ही बगा, परकराशेजारी वाळतीया."

आम्ही सगळ्यांनी केबल घेतलं. फाइल झटपट जायची आणि फोनही मोकळा राहायचा. डायलअपवर नेट चालू असेपर्यंत फोन एंगेज. हे अण्णांना पटवायला मी एकदा गेलो.

"मधे कोणाचा फोन आला तर?"

"कोन करतंय?" म्हणाले आणि खो खो हसले. मीही हसलो. मला अक्कल जरा उशिराच येते.

गंमत म्हणजे, सगळ्या बोळाला नेट पुरवणारी रफिकभाईंची पेटी अण्णांच्याच घरात होती. घर पडलं बोळाच्या मधोमध, करणार काय! "घरात हाय, मनात न्हाय," असं अण्णा वर ऐकवत.

ही पेटी रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बंद पडे. मग आम्ही सात-आठ जण चपला फटफटवत अण्णांचा जिना चढत असू. "गेलं न्हवं? म्हनलं हुतं की मी!" अण्णांचा चेहरा खुले. चहा येई, कडक भाकरी आणि शेंगाचटणी येई आणि मग डायलअपचं प्रात्यक्षिक. पडद्यावर एक फोटो वरून खाली उतरेपर्यंत बोळातल्या साऱ्या बातम्या आणि एखादं भांडण आरामात उरकायचं. पेटी परत केव्हा सुरू झाली, हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

पण तक्रारी वाढल्या. रफिकभाई वैतागले. "उद्या पेटी गिरणीवाल्याकडे हलवतो," म्हणाले.

त्या उद्याला मी अण्णांचं भांडं परत द्यायला जरा लवकरच गेलो. दार उघडं होतं. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती, स्वयंपाकघरात अण्णा एकटेच. त्यांनी आठ कप ओळीनं मांडले, आधण ठेवलं, घड्याळात पाहिलं आणि शांतपणे पेटीचा प्लग उपसला.

वळले तर दारात मी.

रोज माझं काम अडत होतं, राग यायला हवा होता. आला नाही. इतक्यात पेटी काढायला पक्कड घेऊन रफिकभाई जिना चढून आले.

"क्या हुआ?"

अण्णांच्या हातात तो प्लग तसाच.

"प्लग सैल आहे, निघून येतो," मी म्हणालो. "पेटी हलवायचं काही कारण नाही."

ज्या माणसानं नोकरीभर एक जोड सैल सोडला नाही, तो मान खाली घालून म्हणाला, "व्हय. सैलच हाय."

रफिकभाईंनी प्लग पाहिला. मग कप पाहिले. पक्कड खिशात घातली आणि सतरंजीवर मांडी ठोकली.

"ये ऐसाच रहता अण्णा. रोज आके देखना पडता."

अण्णा बराच वेळ चहा गाळत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "केबल तशी... लई वाईट न्हाय की."