अक्कांचा बंद पडलेला लॅपटॉप

"आई, तुझा लॅपटॉप बंद पडलाय," भूपेंद्र म्हणाला.

"चालू आहे," सुंदरअक्का म्हणाल्या. "हात लावू नकोस."

"अगं, स्क्रीन काळीकुट्ट आहे."

"मीच केलीये काळी. मागून माना लांब करून वाचता तुम्ही सगळे."

हे अगदी खरं होतं. अक्कांची दृष्टी गेल्यापासून घरात सगळ्यांचा असा समज झाला होता, की अक्कांचं जे काही आहे ते आता सार्वजनिक. त्यांचा फोन असो की बँकेचा मेसेज, कोणीही उचलावा आणि मोठ्याने वाचावा. मग अक्का चिडून लॅपटॉप शिकल्या. ट्रॅकपॅडवर एक बोट उजवीकडे झटकलं की लॅपटॉप त्यांच्या कानात पुढच्या बटणाचं नाव सांगे. हवं ते नाव आलं की दोनदा टकटक करायचं, की ते बटण दाबलं जाई. आणि तीन बोटांनी तीनदा टकटक केलं की स्क्रीनवर अंधार, आत काम मात्र जोरात सुरू. हा शेवटचा प्रकार जमला त्या दिवशी अक्कांनी स्वतःपुरता शिरा करून खाल्ला होता.

भडगावच्या त्या घरात आज भाऊबंदांची ऑनलाइन बैठक होती. विषय एकच, यंदा कानबाई कोणाकडे? श्रावणातल्या रविवारी नारळाची देवी मांडायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून रोट खायचे. ज्याच्या घरी हा मान, त्याची मान वर्षभर ताठ. पाळी होती अक्कांची. पण त्यांचे धाकटे दीर, धुळ्याचे रूपचंदनाना, यांनी नवा बंगला बांधला होता, आणि देवी आल्याशिवाय तो बंगला गावाला दाखवणार कसा? "वहिनीले दिखत नई," एवढंच सांगत त्यांनी निम्मे भाऊबंद आधीच फिरवले होते. त्यांचा फोन बटणांचा, त्यामुळे बैठकीसाठी ते सकाळीच धुळ्याहून येऊन अक्कांच्याच सोफ्यावर बसले होते. चहाही दोनदा झाला होता.

अक्कांचा संताप होता तो याच गोष्टीचा. घर त्यांचं, पाळी त्यांची, वर्षानुवर्षं रोट थापलेले हातही त्यांचेच. डोळे गेले होते, हात कुठे गेले होते? पण हल्ली कुठल्याही कार्याला गेलं की कोणीतरी दंडाला धरून खुर्चीत बसवी आणि म्हणे, "अक्का, तुम्ही फक्त बसा." बसून बसून त्या विटल्या होत्या. आपली बाजू आज आपणच मांडायची, मुलाला मध्ये घ्यायचं नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

दोन्ही कानांत इयरफोन घालून त्यांनी बोटं झटकली आणि त्या बैठकीत शिरल्या. भाऊबंदांत सगळ्यात वडील, चोपड्याचे रतिलालआबा आले होते. रावेरच्या कुंदाबाई आल्या होत्या, बाकीचेही होते. आबा बोलू लागले. अक्का माइकच्या बटणावर येऊन थांबल्या. आपली वेळ आली की दोनदा टकटक, की बोलायला मोकळ्या.

तेवढ्यात भूपेंद्रचा हात आला. "थांब, मी बघतो," म्हणत त्याने ट्रॅकपॅडवर वैतागून दोनदा टकटक केलं.

"माइक सुरू," लॅपटॉप अक्कांच्या कानात म्हणाला.

"भूपा, अरे माइक..."

"आई, दोन मिनिटं गप्प बस. गेला हा. पार गेला."

गप्प बस म्हणाला, तर अक्का गप्प बसल्या. मुलाचा शब्द त्यांनी इतक्या आज्ञाधारकपणे आजवर कधी ऐकला नव्हता. लॅपटॉपच्या माथ्यावर कॅमेऱ्याचा बारका हिरवा दिवा जळत होता, तो त्या दोघा डोळसांपैकी एकालाही दिसला नाही.

"बरं व्हयनं," नाना सोफ्यावरून उठून जवळ आले. "बैठक नाही तर वाद नाही. संध्याकाळी रतिलालला मीच फोन करतो. सांगतो, अक्कांनीच नको म्हटलं."

"हळू बोला ना, नाना."

"तिच्या कानात ती बोंडं आहेत. काय ऐकू येतंय तिला?"

"पण आबा मानतील?"

"रतिलाल? अरे, तो बैठक सुरू झाली की झोपतो. उठवून विचारलं की हो म्हणतो."

"आणि कुंदाबाई?"

"ती देवीकडे कधी बघते? रोटावर तूप किती पडतंय ते बघते. वाढू की तूप."

"बाकीचे?"

"बाकीची मेंढरं आहेत. एक वळलं की सगळी वळतात."

अक्कांच्या कानात सगळी बैठक चिडीचूप झाली होती. फक्त आबांचा दबका आवाज आला, "बठ्ठा गप बसा. ऐकू द्या."

"पण आईला काय सांगू?" भूपेंद्रने विचारलं.

"सांग लॅपटॉप बिघडला म्हणून. तिला कुठे दिसतंय."

इथे मात्र अक्कांचा तोल सुटला. त्यांनी इयरफोनची वायर हिसकून काढली, आणि रावेरच्या कुंदाबाईंचा आवाज हॉलभर घुमला. "नाना, तूप माझ्या घरी भरपूर आहे. ते खायला तुमच्या बंगल्यात यायची गरज नाही."

नानांचा चेहरा पडला. काळ्या स्क्रीनमधून आबाही बोलले, "मी जागा शे, रूपचंद."

मग मेंढरांनाही वाचा फुटली. जे काल नानांच्या बाजूने होते तेच आज सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. शेवटी आबांनी निकाल दिला, "कानबाई अक्काना घरच बसी. पण अक्का, रोट सुनेला करू द्या. तुम्ही फक्त बसा."

"रोट मी थापणार, आबा," अक्का म्हणाल्या. "बसायचं काम नानांना द्या. त्यांना सोफा आवडलाय."

स्वयंपाकघराच्या दारातून सून ज्योती फिस्सकन हसली.

"बरं," आबा म्हणाले. "नानानी काही हरकत शे का? एकदाच बोला."

नाना याचीच वाट बघत होते. धुळ्याहून येताना एसटीत अख्खं भाषण जुळवलं होतं त्यांनी. घसा साफ करून ते लॅपटॉपसमोर वाकले. अक्कांनी शांतपणे दोनदा टकटक केलं.

"माइक बंद," लॅपटॉप खणखणीत म्हणाला.

"वहिनी, माइक बंद झाला."

"हो का? मला कुठे दिसतंय, नाना."

"वहिनी, असं करू नका. हात जोडतो, एकदाच चालू करा." आणि नानांनी खरोखरच वाकून हात जोडले.

"पाहिलं का रे बठ्ठांनी?" आबांचा गहिवरलेला आवाज आला. "दीर असूनही भावजयीपुढे हात जोडले. मन असं मोठं पाहिजे. चला, ठरलं."

चोपड्यापासून रावेरपर्यंत टाळ्या पडल्या. नाना तसेच वाकलेले राहिले. एवढ्या टाळ्यांत जोडलेले हात खाली कसे घ्यावेत, हे त्यांना कळेना.