आफ्रिकान्सची दहाची बॅच

यंदा आपली मुलगी जाई शाळेत पहिली येणार म्हणजे येणार, असं नंदकिशोर तळवडेकरांनी जूनमध्येच जाहीर करून टाकलं. कामोठ्यातल्या त्यांच्या सोसायटीत एवढी खात्री पाण्याच्या टँकरचीसुद्धा कोणी देत नसे.

बेत पक्का होता. जाईच्या शाळेचा अभ्यासक्रम परदेशी. नववीला दुसरी भाषा निवडायची होती आणि यादीच्या तळाशी आफ्रिकान्स नावाची दक्षिण आफ्रिकेतली एक भाषा होती. ती आजवर कोणी घेतली नव्हती. पेपर बाहेरून येईल, शिकायचं मात्र तुमचं तुम्ही, असं शाळेने सांगितलं होतं.

"बाबा, मला मराठी चालेल," जाई म्हणाली.

"मराठीला साठ मुलं आहेत. आफ्रिकान्सला तू एकटी. पहिला नंबर जाईल कुठे? आणि प्रत्येक विषयात पहिल्या येणाऱ्याचं नाव शाळेच्या फलकावर लागतं."

त्या फलकाने तळवडेकरांचा आठ वर्षं अपमान केला होता. वरच्या मजल्यावरच्या आशुतोष गोखल्यांची रुतिका, जाईच्याच वर्गातली, दरवर्षी त्यावर असायची आणि गोखले दरवर्षी पेढे घेऊन खाली यायचे. नुसते यायचे नाहीत, पेढा तोंडात जाईपर्यंत समोर उभे राहायचे. दुसऱ्याच्या पोरीचे पेढे आठ वर्षं गिळणं काय असतं, हे गिळणाऱ्यालाच ठाऊक.

म्हणून तळवडेकरांनी अभिनंदनाचा फ्लेक्सही आधीच छापून घेतला. डावीकडे जाई, 'आफ्रिकान्स विषयात शाळेत प्रथम'. उजवीकडे शुभेच्छुक म्हणून ते स्वतः, काळा गॉगल लावून, जाईच्या दुप्पट आकारात.

इथे थांबले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. पण त्यांच्या मनात आलं, क्लासचं काय? कामोठ्यात बालवाडीलाही क्लास असतो. क्लास न लावता पहिली आलेली मुलगी कोणी पाहिली आहे?

"अहो, ती एकटीच आहे ना?" बायको वैजयंती म्हणाली. "वाचेल की पुस्तक घरी."

"क्लास नाही म्हणजे शिस्त नाही," तळवडेकर म्हणाले आणि विषय संपला.

शिक्षक मात्र वैजयंतीनेच शोधला. तिची नेहमीची मासेवाली कमळी खाडीकाठच्या दिवाळे गावची. कमळीचा नवरा धर्मा अठरा वर्षं दक्षिण आफ्रिकेतल्या मासेमारी बोटींवर होता आणि ती भाषा तिथल्या खलाशांसारखी बोलायचा. तळवडेकर नवरा-बायको त्याला भेटायला दिवाळ्याच्या जेटीवर गेले, तेव्हा तो जाळं विणत बसला होता आणि कमळी शेजारी मासळी निवडत होती.

"पाठवा पोरीला रविवारी," धर्मा म्हणाला. "जालं विनता विनता शिकवीन. फी बी नको."

तळवडेकरांचा पारा चढला. "जाळ्याशेजारी बसून? बाक नाही, हजेरी नाही, टेस्ट सिरीज नाही? माझ्या मुलीला पहिलं यायचंय, बोंबील विकायचे नाहीत."

"बोंबील विकाला बी अक्कल लागते, साहेब," कमळी शांतपणे म्हणाली.

शेवटी धर्माने शिकवायचं ते कामोठ्यातल्या शिवतेज सरांच्या क्लासमध्ये, असं ठरलं. सर म्हणाले, "दहाची बॅच झाली की सुरू करू. एका मुलीसाठी एसी कोण लावणार?"

झालं. तळवडेकर कंबर कसून कामाला लागले. ऑफिसातून आले की शाळेतल्या पालकांच्या दारोदार. "स्कोअरिंग विषय आहे. मराठीपेक्षा सोपा. फॉर्म मी भरून देतो." आठ मुलं जमली, जाई धरून नऊ. दहाव्या जागेसाठी काही केल्या कोणी मिळेना. राहिले गोखले.

"रुतिका मराठीत पहिली येतेच आहे," गोखले म्हणाले. "तिला कशाला उगाच..." बोलता बोलता त्यांनी खिडकीतून खाली, तळवडेकरांच्या छताखालच्या पार्किंगकडे पाहिलं.

वर्षभरासाठी ते पार्किंग गोखल्यांना गेलं. जुलैत बॅच सुरू झाली आणि तळवडेकरांची गाडी रस्त्यावर कबुतरांच्या ताब्यात आली.

"अहो, एक विचारू?" वैजयंती एका रविवारी म्हणाली. "या बाकीच्या नऊ मुलांचा पेपर वेगळा असतो का?"

"वेगळा कसा असेल? विषय एकच आहे."

"नाही, सहज विचारलं."

एप्रिलमध्ये निकाल लागला. आफ्रिकान्समध्ये रुतिका पहिली. जाई दहावी.

तळवडेकर तडक शाळेत गेले. "हा सरळसरळ अन्याय आहे. हा विषय आमचा आहे. आधी आम्ही घेतला होता."

मुख्याध्यापिका प्रियदर्शिनी मॅडमनी कपाटातून कागद काढले. "सर, बाकीचे नऊ फॉर्म तुम्हीच आणून दिलेत. अक्षरही तुमचंच दिसतंय."

घरी जाई खुशीत होती. "बाबा, मला ब्याऐंशी मार्क आहेत. एवढे मला कशातच पडले नव्हते. आणि एकटी असते तर ती भाषा बोलले कोणाशी असते?" तळवडेकरांना हे ऐकू आलं नाही. दारात गोखले पेढे घेऊन उभे होते. गाडी छताखाली लावून सावकाश वर आले होते, घाई नव्हती त्यांना. पेढा आत जाईपर्यंत उभे राहिले.

राहता राहिला फ्लेक्स. तो कचऱ्यात जाताना कमळीबरोबर मासे घेऊन आलेल्या धर्माने पाहिला. "टाकता कशाला? आमाला द्या, मासली झाकाला व्हईल."

मे महिन्यात तळवडेकर वैजयंतीबरोबर सुकी मासळी घ्यायला दिवाळ्याला गेले. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांवर त्यांचा फ्लेक्स बांधलेला होता. नीट पाहिलं तर डावी बाजू कापलेली. शिल्लक होते ते फक्त शुभेच्छुक.

"जाईचा फोटो कुठे गेला?" त्यांनी तावातावाने विचारलं.

"तो घरान भिंतीला लावलाय," कमळी म्हणाली. "आमच्या मास्तरची पयली बॅच हाय ना. सगल्यांत बोलाला तीच चांगली, असं हे म्हनतात."

"मग मला इथे का टांगलंय?"

"त्याचं काय हाय साहेब, पोरीच्या फोटोला कावलं भीत नव्हतं."

तळवडेकर भयंकर संतापले. मग त्यांनी अर्धा किलो बोंबील मागितले, कारण त्यातल्या एकालाही चोच लागलेली नव्हती.