आर्वीच्या पुढं कुठं?

देविदास कंडक्टर तिकीट देताना दोन प्रश्न विचारायचा. पहिला सगळेच कंडक्टर विचारतात, "कुठं चालले जी?" प्रवासी म्हणे, "आर्वी." मशीनमधून तिकीट बाहेर येईपर्यंत देविदासचा दुसरा प्रश्न तयार असे, "अन् आर्वीच्या पुढं?"

माणूस गोंधळून म्हणे, "तळेगाव."

"त्याच्या पुढं?"

"त्याच्या पुढं काऊन जाऊ? माही साळी तळेगावलेच हाय."

मग तिकीट हातावर ठेवत देविदास म्हणे, "विचार करून ठेवजो बापा. शेवटच्या स्टॉपले कंडक्टर विचारत नाई, मालक विचारते."

मी देविदासच्याच एसटी आगारात कारकून. आर्वीत खोली करून राहायचो. माझे वडील चर्चचे पाळक होते. मीही पाळक व्हावं अशी त्यांची इच्छा होती. मला देवाचं बोलावणं आलं नाही, असं मी त्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी कानच दिला नव्हता. वडील गेल्यावर मी नोकरीत असा मुरलो की मी ख्रिस्ती आहे हे ऑफिसात कुणाला ठाऊकही नव्हतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

देविदासचं उलटं होतं. शेतकऱ्याचा पोरगा. एकदा गाडीत कुणीतरी बायबलचा नवा करार विसरून गेलं. त्यानं तो नियमाप्रमाणे आगारात जमा केला. न्यायला कोणी आलं नाही, तेव्हा मागून घेतला आणि फेरीफेरीत वाचून काढला. मग एका दुपारी खरांगण्याच्या पुढे रिकाम्या गाडीत त्याला हाक ऐकू आली. ती गोष्ट तो कुणालाही, न विचारता, सांगे.

"देव म्हणे, देविदास, उतर. मी बेल मारली, गाडी थांबली, मी उतरलो. पण ड्रायव्हरले देवानं काई सांगतलं नाई ना! तो निघून गेला."

गाडी कंडक्टरविना आर्वीला पोचली. देविदास मागून एका ट्रॅक्टरवर बसून आला. त्याला नोटीस मिळाली. त्यानं खुलाशात लिहिलं, 'वरिष्ठांच्या आदेशाने उतरलो.' कोणत्या वरिष्ठांच्या, हे शोधण्यात ऑफिसचे चार दिवस गेले. पुढे त्यानं बाप्तिस्मा घेतला.

वर्ध्याच्या चर्चमध्ये नाताळला मी एकदा मागच्या बाकावर बसलो होतो. तिथं त्यानं मला पाहिलं आणि माझी शांती संपली. भर आगारात, दहा माणसांत, तो लांबून हात वर करून ओरडे, "प्रभूची स्तुती, विजयभाऊ!" मी फायलीत तोंड घाली. त्याची चप्पल वाजली की मी बाथरूमकडे निघे.

एकदा एका प्रवाशानं तक्रार केली, की मला आर्वीला जायचं आहे आणि हा मला स्वर्गात पाठवतो. आगाराचे साहेब मोठे समजूतदार. त्यांनी देविदासला बोलावून सांगितलं, "श्रद्धा तुमची. ड्युटीवर फक्त तिकीट आणि सुट्टे." देविदासनं मान हलवली. मी कागद घेऊन बाजूलाच उभा होतो. साहेबांनी सहज विचारलं, "विजयराव, हे तुम्हाला रोज नमस्कार घालतात. तुम्हीही त्यांच्यातले का?"

"छे, छे," मी म्हणालो. "माझी तर यांच्याशी धड ओळखसुद्धा नाही."

मला कुणी काही करणार नव्हतं. साहेबांनी फक्त विचारलं होतं. देविदासनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच म्हणाला, "नाई साहेब, त्याईचा काई संबंध नाई. मीच उगाच हात करतो. सवय हाय मले."

त्यानंतर त्यानं मला हाक मारली नाही. गाडीतही तो फक्त 'कुठं?' एवढंच विचारू लागला. खरांगण्याची एक म्हातारी त्याला म्हणाली म्हणे, "काऊन रे, आज पुढचं नाई विचारत? तब्येत बरी नाई का?"

माझी आई वर्ध्याला नालवाडीत एकटी राहते. डोळ्यांनी आता जवळजवळ दिसत नाही. आर्वीहून वर्धा काही परदेश नाही, पण माझं जाणं दोन-दोन महिने होत नसे. त्या पावसाळ्यात एका गुरुवारी मी तिला डॉक्टरकडे न्यायला म्हणून न कळवता गेलो. दारात ओळखीची चप्पल. आत देविदास खुर्चीवर बसून मोठ्यानं वचनं वाचत होता. आई डोळे मिटून ऐकत होती.

"कोण? विजय? बस. मधात बोलू नको," आई म्हणाली. अध्याय संपल्यावर तिनं माझा हात चाचपला. "बरं केलं रे याले पाठवलं. दर गुरुवारी येते. तुया निरोप सांगते, विजयभाऊनं विचारलं, गोळ्या घेतल्या का. तेवढ्यानं माहा आठवडा निघते."

मी कधी एकही निरोप पाठवला नव्हता. देविदास भिंतीकडे पाहत होता. "येतो जी," म्हणत तो उठला. मी त्याच्यामागे अंगणात गेलो.

"काऊन असं सांगतलं?" माझ्या तोंडून गावची भाषा आली.

"चर्चमधून भेटाले आलतो. माय विचारे, विजय कसा हाय. काय सांगू? मंग सवय पडली." त्यानं चप्पल पायात सरकवली. "माही माय आंजीले भावाकडं हाय. बाप्तिस्मा घेतला तईपासून बोलत नाई. गाडी दोन मिनिटं थांबते तिथं. ती नातीले शाळेसाठी गाडीत बसवते, माह्याकडं पाहत नाई. तुमची माय आयकते जी माहं. म्हणून येतो. तुमी आता आले, तं मी बंद करतो."

मला माफी मागायची होती. मी एवढंच म्हणालो, "बंद नका करू."

आत आईनं हाक मारली, "विजय, पुढचा अध्याय वाच." मी पुस्तक उघडलं. पाळकाचा मुलगा मी, पण तिसऱ्याच ओळीत अडखळलो. "हळू वाच," आई म्हणाली, "देविदास असा गडबडत नाई." पुन्हा अडलो, तेव्हा अंगणातून हळूच तो शब्द आला.

"गेला नाई का अजून?" आई म्हणाली. "बाहेर काऊन उभा हाय बाबू? ये, माह्याजवळ बस."

तो आला आणि तिच्या पायाशी खाली बसला. आईनं हात पुढे केला. तो आधी त्याच्या खांद्यावर लागला, मग डोक्यावर स्थिरावला. देविदासचे खांदे हलू लागले. मी पुस्तकातून मान वर काढली नाही. वाचण्यात मन होतं म्हणून नव्हे.