आक्काचा वेग

जगदाळेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा डोळा रायफलीच्या तोंडाला चिकटलेला होता आणि हाताचा अंगठा दुसऱ्या टोकाला होता. मी किंचाळलो आणि त्यांना मागून जोरात ओढलं. ते स्टुलासकट आडवे झाले.

"अरे बाबू, बोल्ट काढून ठेवलाय!" ते पडल्या पडल्या ओरडले. "बोल्ट नसला की रायफल म्हणजे नळाचा पाइप. नखावर उजेड घेऊन नळी बघत होतो. मारशील ना मला!"

फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर साताऱ्याकडे परत न जाता ते आमच्या सरकारी खात्याच्या छोट्याशा रायफल क्लबात राहिले. क्लब दिल्लीच्या दक्षिण टोकाला, कीकरांच्या, म्हणजे बाभळींच्या, झाडीत होता आणि मागच्या एका खोलीत काका एकटे राहत. मी तेव्हा लक्ष्मीबाई नगरात राहत होतो. रविवारी घरी थांबलो की बायको बाजाराची पिशवी हातात देई, म्हणून मी नेमबाज झालो.

काकांचे नियम पक्के होते. नळी मागच्या बाजूने साफ करायची, कारण पुढची कड घासली गेली की गोळी वाट सोडते. तेल कानामागे अत्तर लावतो तेवढंच. आणि गोळी झाडण्याआधी नळीतून कोरडी चिंधी. "ओल्या नळीतून पहिली गोळी शेजाऱ्याकडे जाते," असं ते नव्या माणसाला सांगत, आणि नवा माणूस शेजाऱ्याकडे बघे.

हे नियम त्यांनी रायफलीपुरते ठेवले असते तर बरं झालं असतं. एकदा आमच्याकडे चहाला आले आणि किटलीची चोच डोळ्याला लावून बायकोला म्हणाले, "वहिनी, यातून चिंधी कधी फिरवली होती?" माझ्या मेहुणीच्या लग्नात तर त्यांनी सनईवाल्याच्या हातातून सनईच काढून घेतली. अंतरपाट धरलेला, भटजी थांबलेले, आणि काका सनईत डोळा घालून, "छे छे, फार मळ आहे." सासरेबुवा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

क्लबातल्या सगळ्यात जुन्या रायफलीला ते आक्का म्हणत. तिला दुसऱ्या कुणी तेल लावलेलं त्यांना चालत नसे. "नेम तुझा, वेग माझा," असं ते मला बजावत. गोळीचा वेग मोजायला त्यांनी एक लाकडी ठोकळा चार दोऱ्यांवर टांगला होता. गोळी त्यात रुतली की ठोकळा मागे झुले आणि त्याला बांधलेली पेन्सिल कागदावर रेघ ओढी. रेघेची लांबी आणि ठोकळ्याचं वजन यांवरून काका वेग काढत आणि वहीत लिहीत. मोजणीच्या आधी ठोकळ्याचं वजन करायचंच, हा सगळ्यात कडक नियम. ते काम माझं. ठोकळा खांद्यावर घेऊन मी बाजारातल्या किराणावाल्या लाल्याच्या तराजूकडे जायचो.

त्या मे महिन्यात वर्षाची मोजणी होती. बाहेर लू, ती दिल्लीची भाजणारी हवा, चालली होती. लाल्यापर्यंत जायचा मला कंटाळा आला, आणि मी वहीतलं गेल्या वेळचंच वजन परत लिहिलं.

"वजन केलंस?"

"हो काका."

आक्कातून पाच गोळ्या झाडल्या. काकांनी गणित केलं, पुसलं, पुन्हा केलं. वेग सेकंदाला शंभर फुटांनी कमी आला होता.

"नळी झिजली," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली झिजली."

आमचे सेक्रेटरी खन्नासाहेब म्हणाले, "अरे सूबेदार साहब, छोड़ो यार, निशाना तो ठीक लग रहा है."

"नहीं साहब. दम गया. बाद करो."

बाद केलेली रायफल कापून टाकतात. ते काम काकांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. करवत त्यांनी स्वतः चालवली, तासभर, मध्ये एकदाही न थांबता. त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली.

काका क्लब सोडून गेल्यावर ठोकळा कपाटात ठेवायला उचलला, तेव्हा तो नेहमीपेक्षा जड लागला आणि मला आठवलं. क्लबातल्या गळणाऱ्या कूलरखाली टेकू म्हणून तोच ठोकळा मी मोजणीआधी आठवडाभर ठेवला होता. पाणी पिऊन तो जड झाला होता. जड ठोकळा कमी झुलतो, आणि वहीत वजन जुनंच असलं की गणितात गोळी मंद ठरते. आक्काला काहीही झालं नव्हतं.

मी गप्प बसलो. आधी भीती होती, मग लाज, मग सवय झाली.

निवृत्त झाल्यावर मी त्यांना शोधून काढलं. नोएडात एका पुतण्याच्या गच्चीवरच्या खोलीत होते. मी सगळं सांगितलं. शिव्यांची तयारी करून गेलो होतो.

"म्हणजे ती बरी होती?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"पुन्हा सांग."

मी तीन वेळा सांगितलं. मग ते आपल्या हातांकडे बघत बसले. उठून त्यांनी मोजणीची ती जुनी वही काढली आणि लिहिलं: नळी चांगली होती. लाकूड ओलं होतं. चूक जगदाळे.

"काका, चूक माझी आहे. माझं नाव लिहा."

"तुला पोरंबाळं आहेत, बाबू. कुणीतरी वाचेल. माझं कोण वाचणार?"

मी हात धरून पेन काढून घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. त्यांनी खाली सही केली आणि मी ती करू दिली.

काका आता नाहीत. तो ठोकळा कूलरखाली मी, मधुकर तांबे याने, ठेवला होता. वजनही मीच खोटं लिहिलं होतं. माझ्या मुलांनी हे वाचावं.