दिवंगत श्री. गार्लंड

दिवंगत श्री. गार्लंड यांचा मृत्यू मी पाहिलेला नाही. त्यांचं लग्न, त्यांचा चेहरा, त्यांची टोपी, यांतलंही काही पाहिलेलं नाही. आणि अपर हॅझली गावात ते पाहिलं असं सांगणारं कोणी मला भेटलेलं नाही. ही उणीव खरं तर कोणाच्याही लक्षात यायला हवी होती. श्री. अँब्रोज पिलबीम यांच्या मात्र ती आली नाही, कारण त्यांच्या मनात श्री. गार्लंड चांगले ठसठशीत उभे होते: उंच, अबोल, आणि फ्रान्सच्या चिखलात देशासाठी पडलेले.

पिलबीम शहरातल्या बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन गावात राहायला आले होते. उभं आयुष्य भाड्याच्या खोलीत, घरमालकिणीच्या धाकात गेलेलं. घर सांभाळायला बाई ठेवणं ही त्यांच्या जन्मातली पहिली चैन. ती बाई म्हणजे मिसेस गार्लंड, आधी टेकडीवरच्या जमीनदारांच्या हवेलीत मुख्य स्वयंपाकीण. अशा हातचं जेवायला आपण लायक आहोत का, अशी शंका पिलबीमना रोज येई (आणि सूप पिताना होणारा आवाज ऐकता ती अगदीच निराधार नव्हती).

विधवेला तिच्या दुःखाबद्दल विचारू नये, इतपत सभ्यता त्यांच्याकडे होती, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही. नोव्हेंबरात महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस आला की ते गंभीर चेहऱ्यानं शेवंतीचा गुच्छ तिच्या हाती देत आणि दुपारची सुटी देत. मिसेस गार्लंड आभार मानून बाहेर पडे. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, या विचारानं पिलबीमना त्या संध्याकाळी थंड जेवणही गोड लागे.

त्या वर्षी त्यांनी वाचनालयातून एक कादंबरी आणली. तिच्यात जमीनदाराचा धाकटा भाऊ पाणचक्कीवाल्याच्या मुलीवर प्रेम करतो, आणि बराच काळ दुसरं काहीच करत नाही. दर आठवड्याला चक्कीवर जाऊन ओढ्याला पाणी किती आहे, एवढं विचारतो आणि परत येतो. मध्येच मुरंब्याचं एक सविस्तर प्रकरण आहे. पिलबीमना इतका आनंद बँकेनं आयुष्यात दिला नव्हता. रविवारी जेवण झालं की ते बैठकीच्या खोलीत मोठ्यानं वाचत आणि मिसेस गार्लंड दाराजवळच्या ताठ खुर्चीत बसून मोजे रफू करत ऐके. तो धाकटा भाऊ पाणी विचारून परत फिरला की पिलबीम चष्मा पुसत. मिसेस गार्लंड सुई ओवून म्हणे, "याला तोंड दिलंय की नाही देवानं?"

ही टीका वाङ्मयीन आहे, असं पिलबीमनी गृहीत धरलं.

पुढे एका प्रकरणात तो तरुण, नोकरांना बाजूला सारून, तिच्यासाठी चहाचा ट्रे स्वतः घेऊन येतो. ते वाचून पिलबीम इतके हेलावले की पुढच्या रविवारी आपणही तेच करायचं आणि चहाबरोबर मनातलं बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. मिसेस गार्लंडला त्यांनी आरामखुर्चीत बसवलं आणि कसलाही आवाज आला तरी उठायचं नाही, असं बजावलं.

आवाज तीन आले: आधी झाकणाचा, मग चिनी मातीचा, आणि शेवटी एका अशा शब्दाचा, जो बँकेत खातेदारांसमोर उच्चारत नसत. चहा गरम राहावा म्हणून पिलबीमनी चिनी चहादाणी सरळ पेटत्या चुलीवर ठेवली होती. ती दुभंगल्यावर त्यांनी चहाची पत्ती किटलीतच टाकून खदखदा उकळली. त्या देशात पत्ती अशी उकळणं हा अपराधच समजतात. माणसं यावरून नातं तोडतात. मिसेस गार्लंड खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिली. हुकूम तो हुकूम.

काळाकुट्ट चहा समोर आला. तिनं एक घोट घेतला आणि तो गिळलादेखील.

"मिसेस गार्लंड," पिलबीम म्हणाले, "मला त्यांची जागा घ्यायची नाही."

"कुणाची, साहेब?"

"श्री. गार्लंड यांची. त्यांच्याविषयीच्या आदरामुळेच मी आजवर गप्प होतो."

"माझ्या वडलांच्या? ते सुतार होते. त्यांना तुम्ही कधी पाहिलं?"

"वडील नव्हेत. तुमचे यजमान."

तिनं कप खाली ठेवला. "मला कुठले यजमान? अहो, हवेलीत मुख्य स्वयंपाकीण झालं की मिसेस म्हणतात. कोठीच्या किल्ल्यांबरोबर मिळतं ते. लग्नाशी काय संबंध? सगळ्या गावाला ठाऊक आहे."

सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण सगळ्या गावानं कुठल्या ना कुठल्या हवेलीत चाकरी केली होती किंवा करून घेतली होती. मधल्यामध्ये भाड्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

"मग ती शेवंती?"

"मावशीला नेऊन द्यायची मी, सुटीत तिच्याकडेच तर जायची. वाटायचं, तुम्हाला तिचा फारच कळवळा."

पिलबीमना प्रथम राग आला तो श्री. गार्लंड यांचा, ज्यांनी इतका आदर घेऊन साधं जन्माला येण्याचंही सौजन्य दाखवलं नव्हतं. मग लक्षात आलं की वाट मोकळी आहे. ते खुर्चीतून अर्धे उठले.

"आता मात्र खरीच मिसेस होणार आहे," ती म्हणाली. "नोक्सला मंगळवारी होकार दिला."

नोक्स म्हणजे गावात गाडीवरून सामान पोचवणारा. पिलबीम अर्धे उठलेलेच राहिले. नोक्सनं काय शब्द वापरले, असं त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"म्हणाला, बटाटे कुठे ठेवू, आणि माझ्याशी लग्न करशील का."

"एवढंच?"

"पोतं जड होतं, साहेब."

पिलबीम खाली बसले. चहाकडे पाहत, आपण काय विचारतो आहोत याचा अंदाज येण्याआधीच त्यांनी विचारलं, "आणि मी विचारलं असतं तर? मागच्या वर्षी?"

मिसेस गार्लंड उठली. तिनं दोन्ही कप ट्रेवर ठेवले. "हे पिण्यासारखं नाही. आधण नव्यानं ठेवते," एवढं म्हणून ती आत गेली.

आत दुसरी किटली वाजू लागली आणि वाजतच राहिली. हवेलीत तयार झालेली बाई किटली अशी वाजू देत नसते. अखेर पिलबीम धीर करून उठले. स्वयंपाकघर रिकामं होतं, मागचं दार उघडं होतं, आणि कोबीच्या वाफ्यापाशी मिसेस गार्लंड पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते.

माणूस हसतं आहे की रडतं आहे, हे पाठीवरून सांगता येत नाही. वाफ्याला वळसा घालून समोर जाता आलं असतं. वाट होती, कोरडी होती. पण न बोलावता तसं जाणं पिलबीमना असभ्य वाटलं. त्यांनी किटली उतरवली, हात भाजून घेतला, आणि दार हळूच लोटून घेतलं.