नावांच्या मागचा समुद्र

एका जंगलात एक नियम होता, बाळांनो. शाळेला कुणी काही दिलं, की देणाऱ्याचं नाव त्या वस्तूवर रंगवायचं आणि ते कधीही पुसायचं नाही. का, असं विचारायचं नाही. विचारलं, की थोरले म्हणत, "आधी मोठं हो."

शलाका साळिंदर हे ऐकत ऐकतच मोठी झाली. पलीकडच्या जंगलातल्या कॉलेजात शिकून आली आणि त्याच शाळेत शिकवू लागली. तिथे पंख्याच्या पात्यांवर हरणांच्या तीन पिढ्या गरगर फिरत होत्या. पाण्याच्या माठावर कोल्ह्याचं नाव होतं, म्हणून सशांची पोरं पाणी घरूनच आणत.

मग ठरलं, की शाळा डिजिटल करायची, तीही लोकसहभागातून. पाणवठ्यावर सभा भरली. अध्यक्ष गवाआप्पा, कारण एकदा बसले की त्यांना उठवणार कोण? शलाकानं सुचवलं, की मुलांना काय हवंय ते तरी विचारूया. सभेला मनापासून हसू आलं. मगरकाकांनी तिला समजावलं, की लोकसहभाग हा लोकांचा असतो, पोरांचा कसा असेल?

तरी तिनं वर्गात विचारलंच. वानरांची चिंगी म्हणाली, "बाई, मला समुद्र बघायचाय." डिजिटल फळा आला की त्यावर पहिला समुद्रच दाखवीन, असा शलाकानं तिला शब्द दिला.

वर्गणी जमली. चकचकीत डिजिटल फळा आला. आता त्यावर नावं कुठे टाकायची, यावर पुन्हा सभा. चौकटीवर टाका, असं कुणीतरी म्हणालं. पण चौकट बोटभर रुंद आणि रानडुक्करतात्यांना नावापुढे पदव्याही हव्या होत्या. शेवटी नावं थेट काचेवर घ्यायची ठरली. गवाआप्पांचं मधोमध, ठळक. बाकीच्यांची ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे. रंगारी सरड्यानं आजवर मेलेल्यांचीच नावं रंगवली होती. हाताच्या सवयीनं त्यानं सगळ्यांच्या आधी 'कै.' लिहून टाकलं. मगरकाकांनी चालवून घेतलं. पुढेमागे लागेलच, म्हणाले.

उद्घाटनाला नारळ फुटला, हार पडले, बटण दाबलं गेलं. नावांच्या मागे कुठेतरी काहीतरी गरजलं. दोन अक्षरांच्या फटीत निळं काहीतरी हललं आणि गेलं.

"बाई, समुद्र कुठाय?" चिंगीनं विचारलं.

"आवाज येतोय ना?" गवाआप्पा म्हणाले. "मग बाकीचा डोळे मिटून बघ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आप्पांनी शलाकाला आभार मानायला बोलावलं. मुलं किती खूश आहेत, तेवढं सांग, म्हणाले.

शलाका उठली. चिंगी अजून त्या फटीला डोळा लावून उभी होती. शलाकानं पाठीवरचा एक काटा उपटला आणि त्याच्या बोथट टोकानं काचेवरचा रंग खरवडायला घेतला. सुरुवात मधोमध.

"पोरी, ते माझं नाव आहे," गवाआप्पा म्हणाले.

"दिसतंय, आप्पा. तेवढंच दिसतंय."

"नाव पुसायचं नाही असा नियम आहे. तुझ्या आजीनं पाळला, आईनं पाळला."

"मी नाही पाळणार. आणि आभारही मानणार नाही."

रंगाचे पापुद्रे हारांवर पडत राहिले. तात्या काहीतरी बोलायला उठले. तेवढ्यात 'कै. गवाआप्पा' होते त्या जागेतून एक लाट उभी राहिली, फुटली आणि फेसाळत मागे गेली. चिंगी घाबरून दोन पावलं मागे सरकली आणि मग हसली.

थोरले माना लांबवून बघू लागले. त्यांच्यापैकीही कुणी समुद्र पाहिला नव्हता.

तात्पर्य : शाळेला काही द्यायचंच असेल, तर भिंत द्यावी. तिच्यावर नाव ऐसपैस मावतं आणि पलीकडचं काही दिसत नाही.